नाव शांघायला, साचे विटनीला : एमजीबीच्या नव्या जन्मामागची पार्श्वभूमी

जुनी एमजीबी, म्हणजे एमजी या ब्रिटिश कंपनीची १९८० मध्ये बंद पडलेली स्पोर्ट्स कार, बघायला आलेला जाणकार बॉनेट उघडत नाही. आधी तो दाराखाली वाकतो आणि चाकांच्या मधल्या लांब पट्टीवर, म्हणजे सिलवर, बोटांनी टकटक करतो. या गाडीला वेगळी चासी, म्हणजे खालचा लोखंडी सांगाडा, नाही. सगळा भार पत्र्याच्या पेटीसारख्या अंगावरच असतो, आणि उघड्या टपाच्या गाडीत तर छताचाही आधार नाही. सिल गंजली तर गाडी मधूनच खचते. वरून नवा पत्रा ठोकून रंग मारलेल्या गाड्या बाजारात कायमच फिरत आल्या आहेत. खरं काम करायचं तर दारांच्या पोकळीत आधी लोखंडी आधार वेल्ड करायचा आणि मग बाहेरची, मधली, आतली अशा तीन थरांची सिल बदलायची. आधार न देता कापलं, तर नंतर दार बसतच नाही.

गंज याच्याही पुढे गेला असेल तर मूळच्याच साच्यांतून काढलेलं कोरं अंग मिळतं. बंद पडलेल्या गाडीच्या बाबतीत हे जवळजवळ अशक्य वाटावं असं आहे. ते कसं जमलं, हे समजायला ऑक्सफर्डपासून सुरुवात करावी लागते.

सायकली बनवता बनवता मोटारींकडे वळलेल्या विल्यम मॉरिस यांचं ऑक्सफर्डमधलं विक्री-दुरुस्तीचं दुकान म्हणजे मॉरिस गॅरेजेस. सेसिल किंबर तिथे १९२१ मध्ये आले आणि पुढच्याच वर्षी व्यवस्थापक झाले. साध्या मॉरिस गाड्यांवर ते देखणी, हलकी अंगं चढवू लागले. एमजी ही अक्षरं आणि भोवतीचा अष्टकोन तिथलाच. १९२५ च्या ईस्टरला लँड्स एंडच्या चाचणी-शर्यतीत त्यांनी स्वतः खास बांधलेली गाडी चालवून सुवर्णपदक मिळवलं. जागा अपुरी पडत गेली आणि १९२९ मध्ये बिऱ्हाड ऑक्सफर्डच्या दक्षिणेला ॲबिंग्डनमध्ये, एका चामड्याच्या कारखान्याच्या आवारात गेलं. पुढची एक्कावन्न वर्षं एमजी म्हणजे ॲबिंग्डन. कारखान्याचा टेलिफोन नंबर २५१, म्हणून अनेक मॉडेलांचे चासी क्रमांक ०२५१ पासून सुरू व्हायचे. अशी घरगुती खोडी मोठ्या कंपनीत सहसा टिकत नाही, इथे टिकली.

एमजीचं खरं यश स्वस्ताईत होतं. त्यांची पहिली छोटी स्पोर्ट्स कार मिजेट १७५ पौंडांना मिळायची, ८४७ सीसीचं इंजिन मॉरिस मायनरचं. दुसऱ्या बाजूला १९३३ मध्ये के-थ्री मॅग्नेट या शर्यतीच्या गाडीने इटलीच्या मिले मिलिया शर्यतीत सांघिक पारितोषिक मिळवलं आणि त्याच वर्षी इटालियन शर्यतपटू ताझियो नुव्होलारींनी तिच्यातच अल्स्टरची टूरिस्ट ट्रॉफी शर्यत जिंकली. मॉरिस यांनी १९३५ मध्ये ही खासगी मालकीची कंपनी आपल्याच मॉरिस मोटर्सला विकली आणि शर्यत विभागाला टाळं लागलं. युद्धकाळात परवानगीविना विमानाच्या भागांचं काम घेतल्याचं निमित्त होऊन किंबर यांना १९४१ मध्ये जावं लागलं. फेब्रुवारी १९४५ मध्ये किंग्ज क्रॉसच्या रेल्वे अपघातात ते गेले. युद्धानंतर इंग्लंडमधल्या अमेरिकन सैनिकांना एमजी टीसी या दोन आसनी गाडीचं वेड लागलं, ते किंबर यांना बघायला मिळालं नाही.

त्या वेडातून अमेरिकेची बाजारपेठ उघडली आणि एमजीबी मुख्यतः तिच्यासाठीच बांधली गेली. १९६२ मध्ये एमजीचे अभियंते सिड एनेव्हर यांच्या हाताखाली ती तयार झाली. १७९८ सीसी, ९५ अश्वशक्ती, वेग ताशी शंभर मैलांच्या थोडा पुढे. इंजिन घरच्याच साध्या मोटारींच्या गोत्रातलं. त्यात नवलाईचं काही नव्हतं, आणि म्हणूनच आज ती कुठल्याही समजदार मेकॅनिकच्या हाताखाली उघडता येते. १९६५ मध्ये पिनिनफरिना या इटालियन डिझाइन कंपनीच्या मदतीने छताची जीटी आली.

मग १९७४ अखेरचे काळे रबरी बंपर. अमेरिकेच्या सुरक्षानियमांसाठी ते लावावे लागले आणि बंपरची उंची जुळावी म्हणून गाडी सुमारे दीड इंच वर उचलली गेली. वळणावर ती झुकू लागली. आज बरेच जण असे बंपर काढून क्रोमचे लावतात, गाडी खाली बसवतात आणि याला जीर्णोद्धार म्हणतात. चालवायला ती नक्कीच बरी होते. पण १९७६ ची गाडी १९६६ ची दिसावी यासाठी केलेला खटाटोप मला तरी वेषांतर वाटतो.

एमजीची मालकी तोवर ब्रिटिश लेलँड या मोठ्या मोटार समूहाकडे गेली होती. सप्टेंबर १९७९ मध्ये ॲबिंग्डनने कारखान्याचा सुवर्णमहोत्सव साजरा केला आणि तो उरकतो न उरकतो तोच, सोमवारी १० सप्टेंबरला, कारखाना बंद करण्याचा निर्णय जाहीर झाला. पौंड वधारला होता, अमेरिकेतल्या विक्रीत तोटा होत होता. ॲस्टन मार्टिनच्या पुढाकाराने गाडी विकत घ्यायचा प्रयत्न झाला, तोही फसला. ऑक्टोबर १९८० मध्ये शेवटची एमजीबी बाहेर पडली. तोवर पाच लाखांहून अधिक बनल्या होत्या.

याच लेलँडने १९७५ मध्ये जुन्या गाड्यांच्या सुट्या भागांसाठी ब्रिटिश मोटर हेरिटेज ही उपकंपनी काढली होती. तिच्या डेव्हिड बिशप यांनी एमजीबीच्या अंगाचे दाबसाचे, म्हणजे पत्रा दाबून आकार देणारे साचे, शोधून गोळा केले. वास्तविक असे अवजड साचे भंगारात जातात. १९८८ पासून ऑक्सफर्डशरमधल्या फॅरिंग्डनला नवी अंगं जोडली जाऊ लागली. पुढे हे काम विटनीला हललं. गंमत म्हणजे या अंगांमुळे खुद्द कंपनीला हुरूप आला. त्यावरच सुधारणा करून आठ सिलिंडरची आरव्ही-८ १९९२ ते ९५ दरम्यान विकली गेली. दोन हजारांच्या आसपास बनल्या, त्यातल्या बहुतेक जपानला गेल्या.

मग वाटण्या झाल्या. १९९४ मध्ये रोव्हर समूह, म्हणजे लेलँडचाच पुढचा अवतार, बीएमडब्ल्यूकडे गेला. २००० मध्ये त्यांनी रोव्हर आणि एमजीचा कारभार फिनिक्स गटाला नाममात्र दहा पौंडांत दिला, पण हेरिटेज स्वतःकडे ठेवून २००१ मध्ये तिच्या व्यवस्थापकांना विकली. एमजी रोव्हर २००५ मध्ये बुडाली. नाव चीनच्या नानजिंग या मोटार कंपनीकडे आणि तिथून शांघायच्या साइक या मोटार कंपनीकडे गेलं. उत्पादनाच्या वह्या मात्र वॉरिकशरमधल्या गेडनच्या संग्रहालयात, एका न्यासाकडे आहेत. तिथून मिळणाऱ्या दाखल्यात गाडी कधी बनली, इंजिन क्रमांक काय, मूळ रंग कोणता आणि ती कुठल्या देशात पाठवली, हे सगळं येतं. जीर्णोद्धार करणारा रंगाच्या डब्याला हात लावण्याआधी हा दाखला मागवतो. लाल गाडी मुळात हिरवी निघण्याचे प्रकार यातूनच कळतात.

आपल्याकडे हे नाव २०१९ मध्ये गुजरातच्या हालोलमधून हेक्टर ही एसयूव्ही घेऊन आलं आणि त्यात आता मुंबईच्या जेएसडब्ल्यू समूहाची भागीदारी आहे. हेक्टर आणि एमजीबी यांच्यात अष्टकोनाखेरीज काहीही समान नाही. जुनी एमजी भारतात बाळगणाऱ्यांसाठी अधिक महत्त्वाचा आहे तो २०२१ चा केंद्राचा नियम. पन्नास वर्षांहून जुन्या, मूळ स्वरूपात जपलेल्या आणि मोठे फेरबदल न झालेल्या गाड्यांना ‘व्हीए’ मालिकेतला वेगळा क्रमांक मिळतो. मात्र ती गाडी रोजच्या वापराला किंवा धंद्याला चालत नाही. मूळ साच्यातून निघालेलं पण १९८८ नंतर बनलेलं अंग बसवलेली एमजीबी ‘मूळ स्वरूपातली’ धरायची का, यावर इंग्लंडातल्या जुन्या गाडीवाल्यांतही अजून वाद आहेत. तिथे निदान दाखवायला वह्या आहेत. इथल्या मालकाने जुनं आरसी बुक, आयातीचे कागद आणि कामाचे टप्प्याटप्प्याचे फोटो जपून ठेवलेले बरे.