भाड्याच्या घरातली ओल आणि बुरशी: मालकाची जबाबदारी, नोटीस आणि लागणारी कागदपत्रं

पावसाळा लागला की भिंतीला पोपडे सुटतात, कपाटामागे काळी बुरशी चढते आणि मालक म्हणतो, "पावसात सगळ्यांकडेच ओल येते, खिडक्या उघड्या ठेवा." घरात तान्हं मूल किंवा दम्याचं माणूस असेल तर एवढ्यावर गप्प बसू नका. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम १९९९ च्या कलम १४ नुसार, करारात भाडेकरूने उलट काही मान्य केलेलं नसेल, तर जागा राहण्याजोगी आणि दुरुस्त ठेवणं हे मालकावर बंधनकारक आहे.

पण हे कलम तुम्हाला लागू होतं का, ते आधी पाहा. कायद्याच्या अनुसूचीतल्या शहरांत जे रीतसर भाडेकरू आहेत, म्हणजे पागडीवाले (सुरुवातीला एकरकमी पागडी देऊन कमी भाड्यात जुन्या घरात राहणारे) किंवा भाडेपावतीवर राहणारे, त्यांना ते लागू होतं. आज पुण्या-मुंबईत नव्याने घर घेणारे बहुतेक जण अकरा महिन्यांच्या लीव्ह अँड लायसन्सवर असतात. कायद्याच्या भाषेत ते परवानाधारक, भाडेकरू नव्हेत. त्यांचा हक्क मुख्यतः करारातल्या अटींवर उभा असतो. त्यांच्याबद्दल शेवटी लिहिलं आहे.

नोटीस लिहायच्या आधी ओल कुठून येते ते शोधा, कारण वाद इथेच अडकतो. ओल्या जागेवर प्लास्टिकचा तुकडा चारही बाजूंनी चिकटपट्टीने घट्ट लावा आणि एक-दोन दिवस तसाच ठेवा. पाणी खोलीकडच्या बाजूला जमलं तर हवेतला दमटपणा भिंतीवर धरतोय. तिथे वारा खेळता ठेवणं, ओले कपडे आत न वाळवणं हे आपल्याच हातात आहे. पाणी प्लास्टिकच्या मागे जमलं तर ते भिंतीतून येतंय. गच्ची, बाहेरची भिंत किंवा सामाईक पाइप गळत असेल तर काम सोसायटीचं. वरच्या फ्लॅटचं बाथरूम गळत असेल तर ते त्या सभासदाचं. मात्र सोसायटीला पत्र तुमच्या मालकानेच द्यायला हवं, कारण सभासद तो आहे. "सोसायटी ऐकत नाही" असं तो म्हणाला, तर त्याने दिलेल्या अर्जाची पोच दाखवायला सांगा. बरेचदा अर्ज दिलेलाच नसतो.

आता नोटीस. वकील लागतोच असं नाही, साधं पत्र चालतं. कोणत्या खोलीत, कोणत्या भिंतीला, कधीपासून ओल आहे आणि कोणती दुरुस्ती हवी ते लिहा. त्याखाली एवढं पुरे: "कलम १४ अन्वये ही नोटीस मिळाल्यापासून पंधरा दिवसांत वरील दुरुस्ती करावी. न केल्यास मी ती करून घेईन व खर्च भाड्यातून वळता करीन." मुदत पंधरा दिवसांपेक्षा कमी देऊ नका. पत्र स्पीड पोस्टाने पाठवा, पावती आणि पत्र पोचल्याचा पुरावा जपून ठेवा. व्हॉट्सॲपवर कळवायला हरकत नाही, पण नुसत्या तेवढ्यावर विसंबू नका.

मुदत उलटून वाजवी वेळ गेला तरी मालक हलला नाही, तर काम स्वतः करून घेता येतं. मात्र एका वर्षात वळती करायची रक्कम त्या वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशापेक्षा जास्त असू शकत नाही. महिना ४,००० रुपये भाडं असेल तर वर्षाला १२,०००. पागडीच्या घराचं भाडं महिना ३०० असेल तर मर्यादा फक्त ९०० रुपयांची, आणि त्यात वॉटरप्रूफिंगचं काही होत नाही. अशा चाळीत सगळ्या भाडेकरूंनी मिळून एकच नोटीस द्यावी. कायद्यात तशी सोय आहे. मुंबईतल्या उपकरप्राप्त, म्हणजे दुरुस्तीसाठी उपकर (सेस) भरणाऱ्या जुन्या इमारतीत रचनेचीच दुरुस्ती हवी असेल तर म्हाडाच्या इमारत दुरुस्ती व पुनर्रचना मंडळाकडेही अर्ज करा.

कळकळीने सांगते, रागाच्या भरात भाडं बंद करू नका. थकलेल्या भाड्याची लेखी मागणी आली आणि ९० दिवसांत ते भरलं नाही, तर घर खाली करून घेण्याचा दावा लावायला मालक मोकळा होतो. खर्च वजा जाता उरलेलं भाडं दर महिन्याला बँकेतूनच भरा. लेखी परवानगीशिवाय कायमचं बांधकामही करू नका.

फाइलमध्ये करार किंवा भाडेपावत्या, तारखेसह फोटो, नोटिशीची प्रत, पोस्टाची पावती, प्लंबरचा अंदाजपत्रकाचा कागद आणि सगळी बिलं ठेवा. बिलांना फार वजन आहे: भाडेकरूने ठेवलेला हिशेब आणि पावत्या हाच खर्चाचा निर्णायक पुरावा, असं हेच कलम म्हणतं. वाद पुढे गेलाच तर मुंबईत तो लघुवाद न्यायालयात जातो.

लीव्ह अँड लायसन्सवाल्यांनी करार नोंदवण्याआधीच अट घालून घ्यावी: "गळती, ओल व प्लंबिंगची मोठी दुरुस्ती लेखी कळवल्यापासून पंधरा दिवसांत मालक स्वखर्चाने करील, न केल्यास परवानाधारकास दंडाशिवाय जागा सोडता येईल व संपूर्ण अनामत परत मिळेल." शिवाय भारतीय सुविधाधिकार अधिनियम १८८२ च्या कलम ५७ प्रमाणे, तुम्हाला ठाऊक नसलेला पण मालकाला ठाऊक असलेला धोकादायक दोष त्याने आधी सांगायलाच हवा. उन्हाळ्यात घर पाहताना ताजा रंग दिसला तर "मागच्या पावसात इथे गळलं होतं का?" हे मेसेजवर विचारा आणि उत्तर जपून ठेवा.