बर्फाखालचं अंडं आणि तेलाचा थेंब

पावसाच्या तोंडावर गोव्याच्या किनाऱ्यांवर डांबरगोळे, म्हणजे समुद्रात सांडलेल्या तेलाचे घट्ट झालेले गोळे, येऊन पडतात, यात आता कुणाला नवल वाटत नाही. टाचेला चिकटलेला चिकटा खोबरेल चोळून काढायचा, चार शिव्या हासडायच्या आणि पाऊस लागला की विसरून जायचं. दोनापावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने या गोळ्यांतल्या तेलाचे रासायनिक ठसे तपासून काहींचा माग थेट बॉम्बे हायच्या तेलक्षेत्रापर्यंत काढला आहे. पण माशांच्या वंशावर उठतं ते तेल डोळ्यांना दिसतच नाही. ते पाण्यात विरघळलेलं असतं, आणि त्याचा मारा कसा होतो हे नीट उमगलं ते थंड समुद्रांत.

आर्क्टिकमधला ध्रुवीय कॉड हा जेमतेम वीतभर मासा. सील, बेलुगा देवमासे, समुद्रपक्षी अशा सगळ्यांचं पोट त्याच्यावर चालतं. तो ऐन हिवाळ्यात अंडी घालतो. ती तरंगत वर येतात आणि बर्फाच्या तळाशी राहतात. नेमकं तिथेच सांडलेलं तेलही साचतं. थंडीत ते उडूनही चटकन जात नाही आणि जिवाणूही ते सावकाश खातात. आपल्या कोमट पाण्यात बांगड्याचं अंडं साधारण एका दिवसात फुटतं. ध्रुवीय कॉडच्या अंड्याला महिना-दोन महिने, कधी त्याहूनही जास्त लागतात. तेवढे दिवस ते विषात भिजत राहतं. माझ्या मते सगळी मेख या दिवसांत आहे.

कच्च्या तेलातली पीएएच नावाची संयुगं चरबीत विरघळतात, त्यामुळे अंड्यात सहज शिरतात. हृदयाच्या पेशींमध्ये पोटॅशियम आणि कॅल्शियमची जी ये-जा असते, तिच्यावर तर प्रत्येक ठोका चालतो. ही संयुगं तिच्यातच खोडा घालतात. ठोके चुकतात, हृदयाभोवती पाणी साठतं, पिल्लाचा जबडा आणि कणा वाकडा होतो. एवढं व्हायला एक अब्ज भाग पाण्यात या संयुगांचे मोजके भाग पुरतात. वरून पाणी नितळच दिसतं.

बरं, सगळी पिल्लं मरत नाहीत. प्रयोगात ध्रुवीय कॉडच्या अंड्यांना काही दिवसच, तेही अगदी थोडं तेल दिलं, तर अंडी फुटली, पिल्लं वरकरणी ठीकही दिसली. पुढे मात्र त्यांची वाढ खुंटली आणि अंगातल्या चरबीचं गणित बिघडलं. आर्क्टिकमध्ये चरबी म्हणजे हिवाळ्याची बेगमी. म्हणून तेलगळतीनंतर किनाऱ्यावरचे मेलेले मासे मोजून नुकसान ठरवणं मला पोरकट वाटतं.

24 मार्च 1989 रोजी अलास्कात एक्सॉन वाल्डीझ हे तेलवाहू जहाज खडकावर आदळून तेल सांडलं, तेव्हा हेरिंग माशांचा अंडी घालण्याचा हंगाम तोंडावर होता. त्यांची संख्या कोसळली ती चार वर्षांनी, 1993 मध्ये. त्यात तेलाचा वाटा किती आणि रोगाचा, उपासमारीचा किती, यावर शास्त्रज्ञ अजून भांडताहेत.