‘पर्यंत’ म्हणजे बाय की टिल? पत्र टाईप करायच्या आधी एवढं वाचा

नमस्कार मंडळी. लातुरातल्या आपल्या डीटीपी आणि ट्रान्सलेशनच्या दुकानात इंग्रजी पत्रं करायला डाळ मिलवाले येतात, दुकानदार येतात, ट्यूशनसाठी आलेल्या पोरांचे पालक येतात, आणि सगळ्यांचा गोंधळ एकाच जागी व्हायलाय, म्हणून हे छापलंय.

मराठीत आपण दोन्हीकडं ‘पर्यंत’च म्हणतो. इंग्रजीत तसं चालत नाही. काम त्या तारखेच्या आत कधीतरी एकदा उरकायचंय तर बाय, आणि एखादी गोष्ट त्या तारखेपर्यंत चालूच राहणार असली तर टिल. ‘20 जूनपर्यंत माल पोचवू’ इथं बाय, ‘20 जूनपर्यंत भाव हाच राहील’ इथं टिल. तूरडाळीच्या कोटेशनात ही दोन वाक्यं एकाखाली एक असतात, अदलाबदल झाली की समोरची पार्टी तुम्हाला फोन करते, तुम्ही आम्हाला, आणि लेटरहेड परत प्रिंटला.

सगळ्यात जपायचं ते तगाद्याच्या पत्रात. ‘पेमेंट वॉज नॉट रिसीव्ड बाय 10 जून’ म्हणजे 10 तारखेच्या मुदतीत पैसे आले नाहीत. तिथं टिल टाकलं की 10 तारखेला पैसे मिळाले असा अर्थ निघतो! येणं बाकी आहे आपलं आणि पत्र म्हणतंय मिळालं, मग काय उपयोग त्या पत्राचा.

बाकीचे तेवढे अवघड नाहीत. वेळेवर म्हणजे ऑन टाइम, वेळेत म्हणजे इन टाइम, हा फरक मराठीतच आहे. नुकसानीच्या अर्जात ‘रिझल्टेड फ्रॉम’च्या पुढं कारण येतं, म्हणजे गारपीट, आणि ‘रिझल्टेड इन’च्या पुढं परिणाम, म्हणजे नुकसान.

काही जण मोबाईलवर ट्रान्सलेट करून आणतात आणि म्हणतात नुसतं टाईप करून द्या, विचारत बसू नका. पण आम्ही विचारणारच, कारण खाली सही तुमची असते. तारीख धरून की सोडून हे पण सांगा, धरून असली तर आम्ही टिलच्या ऐवजी ‘अप टू अँड इन्क्लूडिंग’ टाकतो, मग वादच नको.

प्रूफ व्हॉट्सॲपवर येतं, त्यात आधी तारखेची वाक्यं वाचा अन् मगच ओके म्हणा, ओके नंतरच्या बदलाला वेगळा चार्ज पडतो. कोटेशन, तगादा आणि रजेच्या अर्जाचे तपासलेले नमुने दुकानात तयार आहेत, नाव अन् तारीख सांगितली की बसल्या जागी काढून देतो.