शेळीच्या दुग्धनिर्मितीचे सूक्ष्म आरएनएद्वारे नियमन

शेळीच्या कासेत दूध तयार करणाऱ्या पेशींमध्ये कोणते प्रथिन किती बनावे, यावर सुमारे २२ न्यूक्लिओटाइड (आरएनएच्या साखळीची एकके, जणू तिची अक्षरे) लांबीच्या आरएनए रेणूंचा अंकुश असतो. या रेणूंना मायक्रोआरएनए किंवा सूक्ष्म आरएनए म्हणतात. त्यांच्यापासून स्वतः कोणतेही प्रथिन तयार होत नाही. इतर जनुकांच्या संदेशवाहक आरएनएला, म्हणजे प्रथिन बनवण्याचा संदेश नेणाऱ्या आरएनएला, चिकटून ते त्यांचे काम मंदावतात. शेळीत त्यांचा सर्वांत बारकाईने अभ्यास झाला आहे तो दुधातील स्निग्धांशाच्या, म्हणजे व्यवहारात ज्याला ‘फॅट’ म्हणतात त्याच्या, निर्मितीसंबंधी.

सूक्ष्म आरएनएचा शोध दुभत्या जनावरांपासून फार दूर, जेमतेम एक मिलिमीटर लांबीच्या सूत्रकृमीत लागला. १९९३ मध्ये अमेरिकेत व्हिक्टर अँब्रोस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लिन-४ हे जनुक प्रथिनाऐवजी एक छोटासा आरएनए तयार करते हे दाखवले. तो लिन-१४ या दुसऱ्या जनुकाच्या संदेशाला जुळतो आणि त्याच्या प्रथिनाची निर्मिती दाबतो, हे त्याच वेळी गॅरी रूव्हकुन यांच्या प्रयोगशाळेतील कामातून पुढे आले. पुढची काही वर्षे ही कृमीपुरती मर्यादित गंमत मानली गेली. २००० मध्ये लेट-७ हा रेणू सापडला आणि तो कृमीपासून माणसापर्यंत जवळजवळ जसाच्या तसा टिकून असल्याचे दिसले, तेव्हा चित्र बदलले. अँब्रोस आणि रूव्हकुन यांना २०२४ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. लेट-७ च्या कुळातील रेणू शेळीच्या कासेतही मुबलक असतात.

सूक्ष्म आरएनए घडायला सुरुवात होते पेशीच्या केंद्रकात. डीएनएवरून आधी एक लांब आरएनए उतरवला जातो आणि तो स्वतःवरच दुमडून केसांच्या आकड्यासारखा होतो. ड्रोशा हे विकर (एन्झाइम) त्याची टोके कापते. उरलेला सुमारे ७० न्यूक्लिओटाइडांचा तुकडा एक्सपोर्टिन-५ या प्रथिनाच्या साहाय्याने केंद्रकाबाहेर येतो आणि तेथे डायसर हे दुसरे विकर त्याला अंतिम लांबीवर आणते. या दुहेरी तुकड्यातील एक धागा अर्गोनॉट नावाच्या प्रथिनात बसतो. धाग्याच्या दुसऱ्या ते आठव्या न्यूक्लिओटाइडपर्यंतच्या भागाला ‘बीज’ म्हणतात. ज्या संदेशवाहक आरएनएच्या शेपटीकडच्या भागात या बीजाशी जुळणारा क्रम असेल, त्याच्याशी जोडी जमते आणि तो संदेश एक तर लवकर नष्ट होतो किंवा त्यावरून प्रथिन कमी बनते. बीज इतके छोटे असल्यामुळे एकाच सूक्ष्म आरएनएची शेकडो लक्ष्ये असू शकतात, आणि एकाच जनुकावर अनेक सूक्ष्म आरएनए काम करू शकतात. म्हणून ‘अमुक रेणू म्हणजे दुधाचा रेणू’ असे म्हणणे शास्त्राला धरून नाही.

शेळीच्या कासेला दोन अर्धे आणि दोन सड असतात. आतमध्ये द्राक्षाच्या घडासारख्या मांडणीत असंख्य सूक्ष्म कूपिका असतात आणि त्यांच्या भिंतीतील उपकला पेशी दूध तयार करतात. चांगल्या दुधाळ जातीची शेळी व्याल्यावर साधारण दीड-दोन महिन्यांत दूध शिखराला पोहोचते, मग हळूहळू उतरते. पुढच्या वेताआधी ती आटवली जाते. या चक्रात पेशींची संख्या आणि प्रत्येक पेशीचा कामाचा वेग, दोन्ही बदलतात. म्हणून संशोधकांचा पहिला प्रश्न सरळ होता: भाकड काळात, शिखरावर आणि वेताच्या शेवटी कासेतील सूक्ष्म आरएनए वेगवेगळे असतात का? २०१२ च्या सुमारास चीनमधून याची उत्तरे येऊ लागली. शांतुंगमधील संशोधकांनी लाओशान जातीच्या दुधाळ शेळ्यांच्या कासेतील सूक्ष्म आरएनएचे क्रमवाचन केले. इतरांनी भाकड काळ आणि शिखर यांची तुलना केली. दोन्हींतून हेच दिसले की अनेक रेणूंचे प्रमाण अवस्थेनुसार ठळकपणे बदलते. पुढच्याच वर्षी शेळीचा संपूर्ण जनुकसंच प्रसिद्ध झाला आणि सापडलेल्या क्रमांची जागा जनुकसंचावर नेमकी दाखवणे शक्य झाले.

पण प्रमाण बदलते एवढ्यावरून कारण कळत नाही. ते शोधण्यासाठी कासेतील उपकला पेशी प्रयोगशाळेत वाढवतात. त्यांत एखाद्या सूक्ष्म आरएनएची कृत्रिम प्रत घालून त्याचे प्रमाण वाढवतात, किंवा त्याला निष्क्रिय करणारा रेणू घालून घटवतात, आणि पेशीत साठणारे ट्रायग्लिसराइड, म्हणजे स्निग्धांशाचा मुख्य घटक, मोजतात. लक्ष्य खरे की योगायोगाचे, हे ठरवण्याची युक्ती मोठी देखणी आहे. संशयित जनुकाच्या संदेशाची शेपटी काजव्याच्या प्रकाश देणाऱ्या जनुकाला जोडतात. सूक्ष्म आरएनए घातल्यावर प्रकाश मंदावला, आणि शेपटीतील बीजाशी जुळणारी अक्षरे बदलल्यावर तो मंदावला नाही, तर जोडी खरी.

शेळीच्या दुधातील स्निग्धांशाचा ९५ टक्क्यांहून अधिक भाग ट्रायग्लिसराइडांचा असतो. त्यातील लघु आणि मध्यम साखळीची मेदाम्ले कासेतच अ‍ॅसिटेटसारख्या लहान रेणूंपासून जोडली जातात. लांब साखळीची बहुतांशी रक्तातून येतात. या दोन्ही वाटांवर जनुकांची नियंत्रणे आहेत आणि सूक्ष्म आरएनए नेमके तेथे हात घालतात. शान्शी प्रांतातील यांगलिंग येथील नॉर्थवेस्ट ए अँड एफ विद्यापीठात सानेन या दुधाळ वंशाच्या शेळ्यांवर झालेले काम या बाबतीत पायाभूत आहे. तेथे २०१३ मध्ये दिसले की मिर-१०३ (‘मिर’ हे मायक्रोआरएनएचे संक्षिप्त रूप) वाढवल्यावर पेशींत स्निग्ध थेंब आणि ट्रायग्लिसराइड वाढतात. उलट मिर-२७ए वाढवल्यावर ते घटतात, कारण तो स्निग्धांश तयार करणाऱ्या जनुकांना चालना देणाऱ्या पीपीएआर-गॅमा या प्रथिनाला दाबतो.

येथे एक प्रश्न उभा राहतो, आणि माझ्या मते या विषयातला सर्वांत रसाळ भाग हाच आहे. जो रेणू फक्त दाबण्याचे काम करतो, तो स्निग्धांश वाढवेल कसा? मिर-२६ए, मिर-२६बी आणि मिर-१४५ यांच्या अभ्यासातून एक उत्तर मिळते. पेशीत एसआरईबीपी-१ नावाचे प्रथिन मेदाम्ले बनवणारी जनुके चालू करते, पण त्यासाठी त्याला अंतर्द्रव्य जालिका या पेशीतील भागातून सुटून गॉल्जी पिंड या दुसऱ्या भागाकडे जावे लागते. इन्सिग-१ हे प्रथिन त्याला जालिकेतच अडकवून ठेवते. वरील सूक्ष्म आरएनए या इन्सिग-१ च्या संदेशाला चिकटतात. अडकवणारेच कमी झाले की एसआरईबीपी-१ मोकळे होते आणि स्निग्धांश वाढतो. मिर-२६ चे रेणू स्वतःच सीटीडीएसपी कुळातील जनुकांच्या पोटात, त्यांच्या इंट्रॉनमध्ये (प्रथिनाची माहिती नसलेल्या मधल्या भागात), बसलेले असतात, आणि ही यजमान जनुकेही त्याच कामाला हातभार लावतात, असे या प्रयोगांत दिसले. काही रेणू जोडीने काम करतात: मिर-१४८ए हा पीपीएआरजीसी१ए या जनुकाला आणि मिर-१७-५पी हा पीपीएआर-अल्फाला लक्ष्य करतो, आणि दोघे मिळून ट्रायग्लिसराइडच्या निर्मितीचे नियमन करतात.

स्निग्धांशापलीकडचे ज्ञान मात्र विरळ आहे. प्रोलॅक्टिन हे संप्रेरक पेशीवरील आपल्या ग्राहकाला (रिसेप्टर, म्हणजे संप्रेरक पकडणाऱ्या प्रथिनाला) चिकटून दुधाच्या प्रथिनांची जनुके जागी करते. मिर-१३५ए हा रेणू त्या ग्राहकाच्या जनुकालाच दाबतो, असे शेळीच्या पेशींत आढळले. दुधाचे आकारमान मुख्यतः लॅक्टोज ही दुधातील साखर ठरवते, कारण ती आपल्यासोबत पाणी ओढून आणते. या वाटेवरील सूक्ष्म आरएनएवरचे काम तुलनेने थोडे आहे. केसीन या दुधातील प्रमुख प्रथिनाच्या बाबतीत तर एक सावधगिरी हवीच. आल्फा-एस१ केसीन शेळ्याशेळ्यांत कमालीचे कमी-जास्त असते, पण ते मुख्यतः त्या जनुकाच्याच वेगवेगळ्या प्रकारांमुळे. ‘ओ’ हा प्रकार दोन्ही प्रतींत असलेल्या शेळीच्या दुधात हे केसीन नसतेच. तेथे सूक्ष्म आरएनएला श्रेय देणे चूक ठरेल.

चाऱ्याचा परिणाम या रेणूंपर्यंत पोहोचतो का, हे फ्रान्समधील संशोधकांनी जिवंत शेळ्यांवर तपासले. दुभत्या शेळ्यांना ४८ तास उपाशी ठेवून त्यांच्या कासेतील सूक्ष्म आरएनएची तुलना पोटभर खाणाऱ्या शेळ्यांशी केली, तेव्हा काही रेणू वाढलेले आणि काही घटलेले आढळले. उपासमारीत दूध उतरते हे कोणताही शेळीपालक सांगेल. त्या उतरण्यात या रेणूंचा वाटा किती, हा पुढचा आणि अधिक अवघड प्रश्न आहे.

या सगळ्या ज्ञानाची मर्यादा स्पष्ट सांगायला हवी. बहुतेक पुरावा काचपात्रातील पेशींचा आहे. तेथे रेणूचे प्रमाण नैसर्गिक पातळीच्या कितीतरी पट वाढवले जाते, आणि तेथे कास नसते, करडू नसते, पान्हाही नसतो. शिवाय अभ्यास प्रामुख्याने सानेनसारख्या पिढ्यान्‌पिढ्या दुधासाठी निवडलेल्या जातींवर झाला आहे. सूक्ष्म आरएनएचा क्रम जातीनुसार फारसा बदलत नसला, तरी लक्ष्य जनुकाच्या शेपटीत एका अक्षराचा फरक पडला तरी जोडी तुटू शकते. त्यामुळे उस्मानाबादी, संगमनेरी किंवा कोकण कन्याळ या महाराष्ट्रातील शेळ्यांना हे निष्कर्ष स्वतंत्र तपासणीशिवाय लावता येणार नाहीत. दूधवाढीसाठी सूक्ष्म आरएनएचे औषध वा खाद्य असा दावा कोणी केला, तर त्याला आज शास्त्रीय आधार नाही.

सूक्ष्म आरएनए दुधातही उतरतात. पेशींनी सोडलेल्या पटलवेष्टित सूक्ष्म पुटिकांमध्ये ते सुरक्षित राहतात, आणि अनेक सस्तन प्राण्यांच्या दुधात मिर-१४८ए सर्वाधिक आढळणाऱ्यांपैकी असतो. ते पिणाऱ्या पिल्लाच्या किंवा माणसाच्या शरीरात शिरून तेथील जनुकांवर परिणाम करतात का, यावर तीव्र मतभेद आहेत. संशोधनासाठी मात्र त्यांचे दुधात असणे सोयीचे ठरते. स्निग्ध थेंब पेशीतून बाहेर पडताना कधी कधी पेशीद्रव्याचा छोटा तुकडा सोबत घेऊन येतो आणि त्या तुकड्यात पेशीतील आरएनए असतो. त्यामुळे कासेला सुई टोचून ऊतीचा नमुना न घेता, रोजच्या धारेतील दुधावरूनच एका शेळीचा संपूर्ण वेतभर पाठपुरावा करता येतो.