न्यायालयीन पुनर्विलोकन

विधिमंडळाने केलेला कायदा राज्यघटनेशी विसंगत असल्यास तो रद्दबातल ठरवण्याच्या न्यायालयाच्या अधिकाराला न्यायालयीन पुनर्विलोकन म्हणतात. अमेरिकेच्या राज्यघटनेत हा अधिकार स्पष्ट शब्दांत कोठेही दिलेला नाही. १८०३ मध्ये मार्बरी विरुद्ध मॅडिसन खटल्यात सरन्यायाधीश जॉन मार्शल यांनी तो युक्तिवादातून सिद्ध केला : राज्यघटना सर्वोच्च कायदा आहे आणि कायद्याचा अर्थ सांगणे न्यायाधीशाचे कर्तव्य आहे, म्हणून विधिमंडळाचा कायदा व राज्यघटना यांत विरोध आल्यास राज्यघटनाच मानावी लागते. विशेष म्हणजे, या खटल्यात रद्द झालेले कायद्याचे कलम खुद्द सर्वोच्च न्यायालयालाच जादा अधिकार देणारे होते.

ब्रिटिश अमदानीत भारतातील विधिमंडळांच्या मर्यादा ब्रिटिश संसदेने आखल्या होत्या. त्या ओलांडल्या गेल्या का हे न्यायालयांनी तपासावे, हे तत्त्व प्रिव्ही कौन्सिलने (लंडनमधील तेव्हाचे सर्वोच्च अपील न्यायालय) १८७८ च्या बुराह खटल्यात मांडले. घटनाकारांनी मूलभूत हक्कांबाबत संदिग्धता ठेवली नाही. हक्कांशी विसंगत कायदे अनुच्छेद १३ ने शून्य ठरवले आणि अनुच्छेद ३२ व २२६ ने अनुक्रमे सर्वोच्च व उच्च न्यायालयांत दाद मागण्याची वाट खुली केली. त्यामुळे भारतातील खरा संघर्ष घटनादुरुस्त्यांवरून झाला. २४ एप्रिल १९७३ रोजी केशवानंद भारती खटल्यात १३ न्यायमूर्तींच्या पीठाने ७ विरुद्ध ६ अशा निसटत्या बहुमताने संसदेला घटनेची मूलभूत चौकट मोडता येणार नाही असे ठरवले. घटनादुरुस्तीला न्यायालयात आव्हानच देता येऊ नये, अशी १९७६ च्या बेचाळिसाव्या दुरुस्तीतील तरतूद १९८० मध्ये मिनर्व्हा मिल्स खटल्यात रद्द झाली.

कनिष्ठ न्यायालयांना मात्र हा अधिकार नाही; उदाहरणार्थ, ठाणे जिल्हा न्यायालयाला किंवा बेलापूरच्या न्यायालयाला एखादा अधिनियम स्वतः घटनाबाह्य ठरवता येत नाही. दिवाणी दाव्यात तसे मत झाल्यास दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ११३ नुसार तो प्रश्न मुंबई उच्च न्यायालयाकडे पाठवावा लागतो. थेट रिट याचिकाही (हक्कांच्या रक्षणासाठी आदेश मागणारा अर्ज) तेथे दाखल करता येते. तरीही ठाणे जिल्ह्यातील एक घटना या विषयाच्या इतिहासात महत्त्वाची ठरली. नोव्हेंबर २०१२ मध्ये, तेव्हा ठाणे जिल्ह्यात असलेल्या पालघरमध्ये, बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतरच्या बंदविषयी फेसबुकवर मत मांडल्याबद्दल दोन तरुणींना अटक झाली. त्यानंतर दाखल झालेल्या श्रेया सिंघल खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी आक्षेपार्ह ऑनलाइन संदेश पाठवणे गुन्हा ठरवणारे माहिती तंत्रज्ञान अधिनियमाचे कलम ६६अ संपूर्णपणे रद्द केले. खेदाची बाब अशी की, त्यानंतरही देशात या कलमाखाली गुन्हे नोंदवले जात राहिले आणि कोणावरही त्याखाली खटला चालवू नये, असे न्यायालयाला २०२२ मध्ये पुन्हा बजावावे लागले.