लाकूड आणि पोलादाचा संसार

रायफल दस्त्यात, म्हणजे तिच्या लाकडी अंगात, बसवून झाली की हौशी कारागीर एक साधी परीक्षा घेतो. जाडसर कागदाची पट्टी नळीखालून घालायची, तिची दोन्ही टोकं चिमटीत धरायची आणि नळीच्या तोंडाकडून मागे मागे सरकवत न्यायची. कुठेही न अडकता पट्टी मागच्या टोकापर्यंत पोचली, की गडी खूश. दोन महिन्यांनी हवा दमट होते आणि तीच पट्टी निम्म्या वाटेत अडकते. नळी जागची हललेली नसते. हललेलं असतं ते लाकूड.

रायफलीला दस्ता घडवण्याच्या या छंदात पोलादापेक्षा लाकडावर जास्त दिवस जातात, हे बाहेरच्या माणसाला सहसा पटत नाही. त्याला वाटतं, घरी बसून कोणी नळी घडवतंय. तसं नसतं. नळी, बोल्ट (काडतुसामागे नळी बंद करणारी कडी), चाप हे भाग बहुतेक वेळा तयार आणलेले असतात. नळी बसवणं, बंद बोल्ट आणि काडतूस यांच्यातली फट मोजणं हे काम परवानाधारक बंदूक-कारागिराचं; तिथे हौस चालत नाही आणि केसाएवढी चूकही खपत नाही. परवान्यांचे कायदे देशोदेशी वेगळे आहेत, ते पाळूनच पुढची सगळी गोष्ट. हौशी माणसाच्या हाताला खरं काम मिळतं ते दस्त्यात आणि शेवटच्या झिलईत. तिथलं विज्ञान मला नळीच्या विज्ञानाहून जास्त मजेदार वाटतं.

तरी बोल्टबद्दल थोडं सांगायला हवं. जुन्या दाराची आडवी कडी ज्याने लावली आहे त्याला तो निम्मा कळलेलाच असतो: दांडी उचला, मागे ओढा, पुढे ढकला, खाली पाडा. प्रशियाने 1841 मध्ये स्वीकारलेली ड्रायझची ‘सुईची बंदूक’ याच कडीच्या तत्त्वावर चालायची. 1898 मध्ये पॉल माउझरच्या रचनेने या कडीला जे रूप दिलं, ते आजही बरंचसं तसंच आहे. बोल्टच्या पुढच्या टोकाला पोलादाचे दोन जाड कान असतात, ते फिरून खाचेत अडकतात. मागे तिसरा कान राखीव. बार उडतो तेव्हा आत हवेच्या दाबाच्या चार हजार पट दाब तयार होतो, आणि तो या दोन कानांवर पेलला जातो. महायुद्धांनंतर जुन्या लष्करी रायफली बाजारात आल्या, तेव्हा अमेरिकेतल्या हौशी मंडळींनी त्यांचे बोजड दस्ते काढून नवे, सडपातळ दस्ते चढवायला सुरुवात केली. आजच्या छंदाचं बरंचसं वळण तिथलं आहे.

आता कागदाच्या पट्टीकडे परत येऊ. लाकूड नळीला टेकलं तर बिघडतं काय?

गोळी नळीतून बाहेर पडायला एक-सव्वा मिलिसेकंद लागतो. पोलादातून ध्वनी सेकंदाला सुमारे 5 किलोमीटर धावतो, म्हणजे तेवढ्या वेळात तो 60 सेंटिमीटरच्या नळीत दहाएक खेपा मारतो. गोळी आत असतानाच नळी थरथरत, वाकत असते. ही थरथर थांबवता येत नाही. ती दर वेळी सारखीच झाली तर मात्र गोळ्या एकमेकींच्या जवळ पडतात. नेमबाज मंडळी हा नेम कोनाच्या ‘मिनिटा’त मोजतात. एक अंशाचा साठावा भाग म्हणजे 100 मीटरवर जेमतेम 29 मिलिमीटर. एवढ्या बारीक हिशोबात लाकडाचं एक बोट नळीला एका बाजूने टेकलं, आज हलकं आणि उद्या जोरात, तर नळीची थरथर रोज निराळी होते आणि निशाण सरकतं. म्हणून बरेच जण नळी लाकडाला कुठेही न टेकवता अधांतरी ठेवतात. आडव्या मापात जाड नळी वापरणं हाही एक उपाय आहे, कारण ताठपणा व्यासाच्या चौथ्या घाताने वाढतो. नळी सव्वापट जाड केली की ती जवळजवळ अडीचपट ताठ होते. वजन अर्थात खांद्यावर येतं.

लाकूड हलतं कशामुळे? वाळलेल्या लाकडातही वजनाच्या आठ-बारा टक्के पाणी असतं, पेशींच्या भिंतींत मुरलेलं. हवा दमट झाली की भिंती आणखी पाणी ओढतात आणि फुगतात. हवा कोरडी झाली की आक्रसतात. हा फुगवटा सगळ्या दिशांना सारखा नसतो. ओलं काळं अक्रोड पूर्ण वाळवलं तर वाढीच्या वर्तुळांच्या दिशेने ते सुमारे 8 टक्के आक्रसतं, गाभ्यापासून सालीकडे सुमारे साडेपाच टक्के, आणि रेषांच्या लांबीत जवळपास काहीच नाही. दस्त्यातल्या रेषा तिरप्या असतील तर एक बाजू जास्त आक्रसते आणि पुढचा लांब भाग धनुष्यासारखा वाकतो किंवा पिळतो. बाहेरून दहा हात तेल चढवलेल्या दस्त्यात नळीची खाच आतून कोरीच राहिली असेल, तर हा खेळ आणखी रंगतो. पाणी एकाच बाजूने आत शिरतं.

अक्रोड याच परीक्षेत टिकला. तो चिवट आहे, वजनाला मध्यम आहे, हवेबरोबर बेताने हलतो, आणि त्यावर बारीक चौकटींची नक्षी कोरली तर तिचे कंगोरे तुटत नाहीत. फळी निवडताना नवखा माणूस मागच्या रुंद भागातल्या लाटांवर भाळतो. मुरलेला माणूस आधी मनगटाची जागा बघतो, म्हणजे चापामागचा तो बारीक भाग जिथे मूठ बसते. तिथे रेषा मुठीच्या लांबीने जायलाच हव्यात. तिरप्या गेल्या, तर एखाद्या दिवशी धक्का बसून दस्ता रेषेवरच चिरतो.

पोलाद लाकडात बसवण्याचं काम म्हणजे चिकाटीची कसोटी. धातूच्या भागाला काजळी फासायची, तो खाचेत हलकेच दाबायचा, उचलायचा. लाकडावर जिथे काळा ठसा उमटला तिथे उंचवटा आहे. पटाशीने तेवढाच पापुद्रा काढायचा, पुन्हा काजळी, पुन्हा दाब. असं शंभरदा. शेवटी ठसे विखुरलेले न राहता सलग, सारखे उमटू लागतात. आता बरेच जण शेवटचा टप्पा इपॉक्सीवर सोपवतात: खाच थोडी मोठी ठेवून राळ भरायची आणि पोलाद त्यात बसवायचं. इपॉक्सी घट्ट होताना फारशी आक्रसत नाही, म्हणून धातूचा साचा हुबेहूब उमटतो आणि दमट हवेतही बदलत नाही. धातूला आधी मेणाचा हात द्यायला विसरलात तर मात्र रायफल आणि दस्ता जन्माचे जोडीदार होतात. मग करवत.

घासण्याच्या कामात एक गंमत आहे. पॉलिश पेपरने लाकूड गुळगुळीत केलं, आरशासारखं झालं, वरून ओला फडका फिरवला, की मिनिटभरात पृष्ठभाग दाढीच्या खुंटांसारखा खरखरीत. कागदाने तंतू कापले गेलेले नसतात, ते नुसते दाबले गेलेले असतात. पाणी मिळताच ते उभे राहतात. ते वाळू द्यायचे आणि बारीक कागदाने हलकेच छाटायचे. तीन-चारदा असं केलं की लाकूड हट्ट सोडतं. हाच गुण उलटा वापरून पोचाही काढता येतो. पोचा पडला म्हणजे पेशी चेपल्या. तुटलेल्या असतीलच असं नाही. त्यावर ओलं फडकं ठेवून गरम इस्त्री टेकवली की वाफ आत शिरते, भिंती मऊ होऊन फुगतात आणि खड्डा डोळ्यांदेखत वर येतो. पहिल्यांदा बघताना जादूच वाटते.

पोलादाची काळी-निळी झिलई हा खरं तर वळण लावलेला गंज आहे. तांबडा गंज सच्छिद्र आणि सैल असतो, तो पोलादाला खात आत जातो. जुन्या पद्धतीत पोलादावर मुद्दाम तांबडा गंज चढवतात आणि तो भाग उकळत्या पाण्यात बुडवतात. तांबड्याचं काळं मॅग्नेटाइट होतं, म्हणजे लोहचुंबकाच्या दगडात असतं तेच ऑक्साइड. वरची सैल भुकटी ब्रशने झाडायची आणि पुन्हा गंजवायचं. काही फेऱ्यांनी मखमली काळा रंग बसतो. कारखान्यात हेच काम कॉस्टिक सोडा आणि नायट्रेटच्या 140 अंशांच्या आसपास तापलेल्या द्रावणात लवकर उरकतं, पण ते द्रावण अ‍ॅल्युमिनियम खातं आणि त्यात पाणी पडलं तर अंगावर उसळतं. घरी मी त्याच्या वाटेला जाणार नाही. दोन्हींतून तयार होणारा थर अगदी पातळ असतो आणि पाणी अडवत नाही. तो तेल धरून ठेवतो, आणि गंज रोखतं ते तेल.

स्क्रूंच्या डोक्यांवरची मोरपिशी निळाई वेगळ्या घराण्यातली. चकाकतं पोलाद तापवत नेलं की 230 अंशांच्या सुमारास ते गवताळ पिवळं होतं, मग जांभळं, आणि 300 च्या आसपास निळं. रंगद्रव्य कुठेच नाही. ऑक्साइडचा थर मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाहूनही पातळ असतो. त्याच्या वरच्या आणि खालच्या पृष्ठभागावरून परतणारे प्रकाशकिरण एकमेकांत मिसळून रंग दिसतो, साबणाच्या फुग्यावर दिसतो तसाच. बोल्ट मात्र हौसेने असा तापवू नये. त्याच्या कानांचा कणखरपणा नेमक्या उष्णतेच्या संस्कारांवर उभा असतो, आणि तो उतरला तरी डोळ्यांना कळत नाही.

शेवटी तेल. जवसाच्या तेलाला आपण ‘वाळलं’ म्हणतो, पण ते पाण्यासारखं उडून जात नाही. त्यातल्या निम्म्याहून जास्त मेदाम्लात तीन-तीन दुहेरी बंध असतात. ते हवेतला ऑक्सिजन घेऊन एकमेकांशी जोडले जातात आणि तेलाचं जाळं बनतं. वाळताना तेल उलट जड होतं. पहिला हात लाकडात मुरतो, पुढचे हात थेंबाथेंबाने तळहाताने चोळायचे, मध्ये दिवस जाऊ द्यायचे. दिसतं ते देखणं. पाण्याची वाफ अडवण्यात मात्र हे तेल कच्चं आहे, आणि ज्यांना निशाण न सरकणं महत्त्वाचं ते म्हणूनच खाचेच्या आत पॉलियुरेथेनचं वॉर्निश लावतात.

ऑक्सिजनशी जुळताना तेल उष्णता सोडतं. दस्त्यावर ती हवेत विरून जाते. चुरगळून टाकलेल्या तेलकट चिंध्यांच्या ढिगात ती साठत जाते, आणि काडी न लावता ढीग पेट घेतो. 23 फेब्रुवारी 1991 रोजी फिलाडेल्फियातल्या 38 मजली वन मेरिडियन प्लाझा इमारतीत जवसाच्या तेलाच्या अशाच चिंध्यांतून 22 व्या मजल्यावर आग लागली आणि तीन अग्निशामक जवान गेले. काम आटोपलं की प्रत्येक चिंधी मोकळ्या हवेत एकेरी पसरून वाळवायची, किंवा पाण्यात बुडवून झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवायची. हात त्यानंतर धुवायचे.