बस लागून का येतात, आणि त्यात शहराच्या आराखड्याचा काय संबंध?

अर्धा तास एकही बस येत नाही आणि मग एकाच नंबरच्या दोन गाड्या खेटून येतात. पहिलीत पाय ठेवायला जागा नसते, दुसरी निम्मी रिकामी. थांब्यावरचे लोक चालकाला नाहीतर डेपोला दोष देतात. पण डेपोतून दोन्ही गाड्या ठरलेल्या अंतराने सुटल्या असल्या, तरी पुढे जाऊन त्या एकत्र येण्याकडेच त्यांचा कल असतो. नेवेल आणि पॉट्स या संशोधकांनी १९६४ मध्येच हे गणिताने दाखवून दिलं. शाश्वत वाहतुकीच्या गप्पा विजेच्या गाड्यांपासून सुरू होतात. खरं तर त्या या थांब्यापासून सुरू व्हायला हव्यात.

समजा, दर १० मिनिटांनी बस आहे आणि प्रत्येक थांब्यावर मिनिटाला एक प्रवासी येतो. वेळेवर आलेल्या बसला १० प्रवासी मिळतील. एखादी बस सिग्नलला २ मिनिटं रखडली, तर पुढच्या थांब्यावर तिच्यासाठी १२ जण उभे असतील. एकाला चढायला ३ सेकंद धरले, तर या दोन जादा प्रवाशांमुळे ती आणखी ६ सेकंद मागे पडते. त्यापुढच्या थांब्यावर थोडी अधिक. उशीर प्रत्येक थांब्यावर ५ टक्क्यांनी वाढत जातो आणि १४ थांब्यांत दुप्पट होतो. तिच्या मागच्या बसचं उलट घडतं. तिच्या वाट्याचे प्रवासी पुढचीने उचललेले असतात, त्यामुळे ती भराभर पुढे येते आणि शेवटी पहिलीला गाठते.

याचा भुर्दंड प्रवाशाला किती पडतो? तासाला ६ बस, सगळ्या नेमक्या १० मिनिटांनी, तर कधीही थांब्यावर येणाऱ्याला सरासरी ५ मिनिटं थांबावं लागतं. त्याच ६ बस २ मिनिटं आणि १८ मिनिटं अशा आलटून पालटून आल्या, तर दहातले नऊ प्रवासी १८ मिनिटांच्या खिंडारात सापडतात आणि सरासरी ८ मिनिटांच्या वर जाते. बस तितक्याच, डिझेल तितकंच, पगार तितकेच. पण प्रवाशाच्या लेखी सेवा निम्म्याहून जास्त बिघडली. शिवाय ते नऊ जण एकाच बसमध्ये कोंबले जातात. पालिकेच्या अहवालात मात्र ‘तासाला ६ फेऱ्या’ एवढंच दिसतं. म्हणून फेऱ्यांच्या आकड्याबरोबर दोन बसमधलं प्रत्यक्ष अंतर मोजून ते जाहीर व्हायला हवं. गाड्यांवर जीपीएस बसवलेलं असलं, की हा हिशोब काढायला वेगळा खर्चही नाही.

यावर उपाय दोन. पहिला नियंत्रकाच्या हातातला: मार्गावर एक-दोन ठिकाणं ठरवायची आणि पुढच्या बसच्या फार जवळ आलेल्या बसला तिथे मिनिटभर थांबवायचं. जागा अशी निवडायची की तिथे बसमध्ये माणसं कमी आणि पुढे चढणारी जास्त, नाहीतर आत बसलेले वैतागतात. शेवटच्या थांब्यावर फेरीच्या वेळेच्या दहा-पंधरा टक्के मोकळीक ठेवायची, म्हणजे आधीचा उशीर पुढच्या फेरीत उतरत नाही. वेळापत्रक कागदावर घट्ट बसवून ‘गाड्या वाचवल्या’ म्हणणाऱ्यांना ही मोकळीक उधळपट्टी वाटते. पण तिच्याविना सकाळी आठचा गोंधळ दुपारी दोनपर्यंत निस्तरत नाही.

दुसरा उपाय चढण्याच्या वेळेचा. माणशी ३ सेकंदांचा १ सेकंद झाला, तर तोच उशीर दुप्पट व्हायला १४ ऐवजी सुमारे ४२ थांबे लागतात. बहुतेक मार्ग तेवढ्यात संपून जातात. १ सेकंद कसा गाठायचा हे ठाऊक आहे. तिकीट आधी, दरवाजे रुंद आणि एकाहून जास्त, फलाट आणि बसची फरशी एका पातळीत. आपल्याकडे शहरी बसच्या फरशीची उंची ढोबळमानाने ४००, ६५० किंवा ९०० मिलिमीटर असते. फलाट ९०० चा आणि बस ६५० ची आली, तर सगळा खर्च वाया. बस फलाटापासून अर्धा मीटर दूर उभी राहिली तरी तेच. फट १० सेंटिमीटरच्या आत हवी आणि ती चालकाच्या सरावावर सोडून चालत नाही. थांब्याआधीची मार्गिका सरळ हवी, टायरला घासून दिशा देणारी कड हवी आणि तिथला डांबराचा थर दबू नये म्हणून काँक्रीट हवं. बस रोज एकाच जागी ब्रेक लावते, त्यामुळे डांबर लाटेसारखं उचलतं, चालक तो उंचवटा टाळतो आणि फट वाढते.

स्वतंत्र बसमार्गिकेचा विषय निघाला की लगेच ‘आमची एक लेन गेली’ हा वाद सुरू होतो. तिथे थोडी आकडेमोड करू. साडेतीन मीटरच्या मार्गिकेतून, सिग्नल हिरवा असताना दर २ सेकंदांना एक मोटार सुटते. सिग्नल निम्म्याहून थोडा कमी वेळ हिरवा धरला, तर तासाला सुमारे ८०० मोटारी, मोटारीत सरासरी दीड माणूस, म्हणजे १,२०० माणसं. त्याच मार्गिकेतून मिनिटाला एक बस आणि बसमध्ये ६० प्रवासी धरले, तर ३,६००. दुचाकी या हिशोबात मोटारीपेक्षा खूपच सरस ठरते, आणि पुण्यासारखं शहर तिच्यावर चालतं ते उगाच नव्हे. पण देशातल्या रस्तेबळींमध्ये सर्वांत मोठा वाटाही दुचाकीस्वारांचाच आहे, आणि ही किंमत कुठल्याच वेगाच्या हिशोबात धरता येत नाही.

मार्गिकेचा दुसरा फायदा फारसा कुणी मांडत नाही. जाऊन येऊन २० किलोमीटरचा मार्ग घ्या. ताशी १२ किलोमीटर वेगाने फेरीला १०० मिनिटं, वर २० मिनिटं थांबा, एकूण १२०. दर १० मिनिटांनी बस द्यायची तर १२ बस लागतात. वेग २० झाला तर ६० अधिक २०, म्हणजे ८० मिनिटं, आणि ८ बस पुरतात. उरलेल्या ४ बस, त्यांचे चालक-वाहक आणि इंधन त्याच मार्गावर लावलं तर बस साडेसहा-सात मिनिटांवर येते. कोंडीत अडकलेल्या बससेवेत नव्या गाड्या ओतत राहण्यापेक्षा हे कितीतरी स्वस्त आहे.

मात्र मार्गिका आखली की काम झालं असं नाही. अडतं ते थांब्यावर. एक बस ४० सेकंद उभी आणि जागा मोकळी व्हायला १५ सेकंद धरले, तर एका जागेवरून तासाला कागदोपत्री ६५ बस निघतात, आणि बस अनियमित येत असल्याने प्रत्यक्षात त्याहून बऱ्याच कमी. कोलंबियातल्या बोगोटा शहराची ‘ट्रान्समिलेनिओ’ ही स्वतंत्र मार्गिकेवरची बससेवा डिसेंबर २००० मध्ये सुरू झाली. तिथे एका दिशेला तासाला ४० हजारांहून जास्त प्रवासी जाऊ शकतात, कारण स्थानकापाशी बसला बसच्या पुढे काढणारी दुसरी मार्गिका आहे आणि एका स्थानकाला अनेक फलाट आहेत.

भारतात याचे धडे तीन शहरांनी तीन प्रकारे दिले. दिल्लीत आंबेडकर नगर ते मूलचंद हा बसमार्गिकेचा ५.८ किलोमीटरचा पट्टा २००८ मध्ये सुरू झाला. मार्गिकेत कुठलीही बस येऊ शके, थांबे चौकाच्या तोंडाशी, त्यामुळे थांब्याची रांग आणि सिग्नलची रांग एकमेकींत गुंतत. मार्गिका सर्वांना खुली करा, ही मागणी उच्च न्यायालयाने २०१२ मध्ये फेटाळली. तरीही राजकीय रेट्यापुढे काही वर्षांतच तो पट्टा मोडला गेला. अहमदाबादच्या ‘जनमार्ग’ बससेवेने ऑक्टोबर २००९ मध्ये वेगळी रचना आणली: ठरावीकच बस, उजव्या बाजूला दरवाजे, ९०० मिलिमीटरचे फलाट, तिकीट स्थानकातच. बस धावली, पण तिच्या शेजारचे फुटपाथ आणि सायकलमार्ग दुय्यम राहिले. पुण्यात तर डिसेंबर २००६ मध्ये कात्रज–स्वारगेट–हडपसर मार्गावर देशातला पहिला प्रयोग झाला. साध्या बस, साधे थांबे आणि मध्येच तुटणारी मार्गिका. २०१५ पासून ‘रेनबो’ नावाने बंद स्थानकं, समपातळीचे फलाट असलेले नवे मार्ग आले आणि पिंपरी-चिंचवडमध्ये ते बऱ्यापैकी टिकले. नगर रस्त्यावरची मार्गिका मात्र काढून टाकली गेली. जिथे मार्गिका सलग राहिली तिथे बस वेळ राखते. जिथे ती ऐन गर्दीच्या चौकात संपते तिथे आधीच्या पाच किलोमीटरमध्ये वाचलेली मिनिटं पन्नास मीटरमध्ये जातात. मार्गिकेची सर्वाधिक गरज चौकातच असते आणि जागेअभावी ती नेमकी तिथेच सोडली जाते. ही चूक अजूनही प्रत्येक नव्या आराखड्यात दिसते.

बसचा प्रत्येक प्रवासी दोनदा पादचारी असतो, चढण्याआधी आणि उतरल्यावर. म्हणून फुटपाथ हा बससेवेचाच भाग. इंडियन रोड्स काँग्रेसच्या २०१२ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार चालायला किमान १.८ मीटर सलग मोकळी रुंदी हवी, म्हणजे दोन व्हीलचेअर एकमेकींना ओलांडू शकतात, आणि फुटपाथची उंची १५० मिलिमीटरपेक्षा जास्त नको. पावसाचं पाणी चढू नये म्हणून अनेक ठिकाणी ती ३०० पर्यंत नेतात. मग गुडघे दुखणारी माणसं रस्त्यावरून चालतात आणि ‘लोक फुटपाथ वापरतच नाहीत’ असा शेरा पडतो. पाणी निचऱ्याचा प्रश्न गटाराच्या जाळीने सोडवायचा असतो. झाडं, दिव्याचे खांब, विजेचे डीपी, टपऱ्या यांच्यासाठी रस्त्याच्या कडेला वेगळा पट्टा राखावा, नाहीतर ते सगळं त्या १.८ मीटरमध्येच उगवतं. सोसायटीच्या फाटकापाशी फुटपाथ खाली उतरवू नये. तो त्याच पातळीत पुढे न्यावा आणि मोटारीने छोट्या चढावरून तो ओलांडावा. पुण्याच्या जंगली महाराज रस्त्यावर फुटपाथ रुंद केल्यावर लोक तिथे चालू लागले, थांबू लागले, बसू लागले. ती काही खास पुणेरी करामत नव्हे, कुठल्याही शहरात हे होतं.

रस्ता ओलांडण्याचं गणित आणखी कडक आहे. सिग्नलची वेळ काढताना चालण्याचा वेग सेकंदाला १.२ मीटर धरतात. २४ मीटर रस्त्याला २० सेकंद. वयस्कर माणूस ०.९ ने चालतो, त्याला जवळपास २७ लागतात. मध्ये पादचाऱ्याला थांबता येईल असा दीड-दोन मीटर रुंदीचा दुभाजक दिला तर प्रश्न दोन सोप्या तुकड्यांत सुटतो. चौकातला कोपरा मोठ्या वळणाचा ठेवला तर मोटार वेग न कमी करता वळते. वळण आवळलं की तिला हळू यावंच लागतं आणि ओलांडायचं अंतरही घटतं. वेग ३० वरून ५० झाला की आघाताची ऊर्जा पावणेतीन पट होते. मोटारीला वाचलेले ते काही सेकंद पुढच्या सिग्नलला उभं राहण्यातच जातात.

विजेच्या बसबद्दल थोडक्यात. १२ मीटरची वातानुकूलित बस किलोमीटरला साधारण १.२ ते १.५ युनिट घेते. दिवसाला २०० किलोमीटर म्हणजे २८० युनिट धरू. ५० बसच्या डेपोला रात्रीत १४,००० युनिट लागतात. सहा तासांत विभागून भरलं तर भार २,३०० किलोवॉटच्या आसपास. पण सगळ्या गाड्या परत येताच १२० किलोवॉटचे ५० चार्जर एकदम लावले तर ६,००० किलोवॉट. म्हणून आधी उच्चदाबाची जोडणी आणि पाळीपाळीने चार्जिंग करणारी प्रणाली, मग बस. हा क्रम उलटला की नव्या गाड्या डेपोत उभ्या राहतात. धूर आणि आवाज कमी होतो हे फार मोलाचं, त्यात शंका नाही. तरी कोंडीत विजेची बसही डिझेलच्या बसएवढीच जागा घेते आणि तितकीच लागून येते.

आराखड्याचा सर्वांत अवघड भाग पार्किंगचा. एका मोटारीच्या चौकोनाला अडीच गुणिले पाच, साडेबारा चौरस मीटर लागतात. उतार आणि फिरायची जागा धरली तर तळघरात ती गरज दुप्पट होते. एवढ्यात एक छोटं घर बसतं. मेट्रो स्थानकाभोवती ५०० मीटरमध्ये जादा एफएसआय (म्हणजे त्याच भूखंडावर जास्त बांधकामाची परवानगी) द्यायचा तो लोकांनी स्थानकाजवळ राहून चालत मेट्रोला जावं म्हणून. त्याच इमारतीत तीन मजले पार्किंग भरलं, तर तिथे मोटारवाले कुटुंबच राहायला येणार आणि स्थानकापुढचा रस्ता त्यांच्याच मोटारींनी भरणार. स्थानकाजवळ पार्किंगचं किमान बंधन काढून कमाल मर्यादा घालणं हा जगभर वापरला जाणारा मार्ग आहे.

रस्त्यावरच्या जागेला पैसे आकारायचे तर क्रम महत्त्वाचा. स्टॉकहोमने ऑगस्ट २००५ मध्ये आधी जादा बस सुरू केल्या, जानेवारी २००६ मध्ये शहराच्या आत-बाहेर जाणाऱ्या वाहनांवर प्रायोगिक गर्दी-शुल्क लावलं, ती वाहनं साधारण २० टक्क्यांनी घटली, सप्टेंबरमध्ये शहरातल्या लोकांनी मतदानाने कौल दिला आणि ऑगस्ट २००७ पासून ते कायम झालं. सुरुवातीला तिथेही विरोध मोठा होता. रस्ते मोकळे झालेले डोळ्यांनी दिसल्यावर तो निवळला. पुणे महापालिकेने २०१८ मध्ये पार्किंग धोरण मंजूर केलं आणि ते रखडलं. ते पुन्हा हाती घ्यायचं तर ज्या रस्त्यांवर शुल्क लावायचं, त्यांवर आधी सहा महिने पाच मिनिटांना एक बस आणि चालता येईल असा फुटपाथ द्यावा, आणि शुल्काचे पैसे त्याच रस्त्यांवर खर्च होताना दिसावेत.